शेतजमीन पिवळ्या पट्ट्यात टाकण्याचा प्रस्ताव आलाय, गावाने काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा. बेळगावच्या दक्षिणेकडच्या एका गावालगतचे भातशेतीचे काही सर्व्हे नंबर मास्टर प्लॅनमधल्या शेतीच्या पट्ट्यातून काढून निवासी (नकाशात पिवळ्या) पट्ट्यात टाकायचे आणि तिथे मोठी वसाहत करायची, असा प्रस्ताव आहे. पेपरात कन्नडमध्ये जाहिरात आली. हरकतींची मुदत संपत आलीय आणि त्यानंतर अधिकाऱ्यांबरोबर बैठक आहे. गावात दोन तट पडलेत, काहींना इंचभर जमीन द्यायची नाही आणि काहींना आजच विकायची आहे. विचारणाऱ्या भावाचं म्हणणं असं, की मागच्या बैठकीत नुसता आरडाओरडा झाला, हाती काही लागलं नाही. या वेळी नेमकं काय बोलावं, आणि अर्ज कुठल्या भाषेत द्यावा?

नगर नियोजनाच्या कामात माझी सगळी नोकरी गेली. कचेरीत बसून अशा हरकतींचे तक्ते केले, आणि निवृत्तीनंतर शेतकऱ्यांना हरकती लिहून द्यायला मदत करतो. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत.

पहिल्यांदा एक घोळ मिटवूया. गावात सगळे "जमीन जाणार" म्हणतात. पण झोन (पट्टा) बदलणं, एन.ए. (बिगरशेती) होणं आणि संपादन होणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींचे कायदे वेगळे आहेत. झोन बदल होतो तो कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा, १९६१ च्या कलम १४-ए खाली. त्यात प्रस्ताव नियोजन प्राधिकरणाचा, म्हणजे आपल्याकडे बुडाचा (बेळगाव नगर विकास प्राधिकरणाचा) असतो आणि त्याला राज्य सरकारची पूर्वमंजुरी लागते. एन.ए. होते ती भू-महसूल कायदा, १९६४ च्या कलम ९५ खाली. आणि बुडा स्वतःची स्कीम करते तेव्हा १९८७ च्या नगर विकास प्राधिकरण कायद्याखाली आधी कलम १७ ची प्राथमिक आणि मग कलम १९ ची अंतिम अधिसूचना निघते, ते झालं संपादन. तुमची जाहिरात कलम १७ ची असेल तर उताऱ्यावर नाव असलेल्या मालकाला वेगळी नोटीस यायला हवी आणि तिच्यावर म्हणणं मांडायला ३० दिवस मिळतात. १४-ए ची असेल तर आज कुणाची जमीन सक्तीने जात नाही. पण म्हणून गाफील राहू नका. जमीन एकदा पिवळी झाली, की मास्टर प्लॅनशी जुळते म्हणून एन.ए. व्हायला वेळ लागत नाही आणि मग गावाला बोलायला जागाच उरत नाही. तुम्हाला अडवायचं असो वा अटी घालायच्या असोत, वेळ आत्ताची आहे.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून ही जाहिरात १४-ए ची दिसते, तसं धरून पुढे लिहितो.

या कलमात सरकारला वाटेल तेव्हा, वाटेल त्या कारणासाठी पट्टा बदलता येत नाही. नकाशात चूक झाली, तपशील दाखवायचा राहिला, प्लॅन अमलात आणताना बदल करावा लागला किंवा परिस्थितीच तशी आली, अशी कारणं कलमात दिलेली आहेत. शिवाय बदल सार्वजनिक हिताचा हवा, कुठल्या कायद्याच्या आड येणारा नको, आणि पेपरात जाहीर करून लोकांच्या हरकती आणि सूचना मागवायला हव्यात. म्हणून तुमच्या हरकतीचा पहिला प्रश्न हाच असू द्या: यातल्या कोणत्या कारणाखाली हा बदल करताय, आणि त्यात सार्वजनिक हित कोणतं? कुणा जमीनमालकाने किंवा बिल्डरने अर्ज केला, एवढ्याने सार्वजनिक हित सिद्ध होत नाही. दुसरा प्रश्न: मास्टर प्लॅनचा फेरविचार निदान दहा वर्षांतून एकदा करायचाच असतो, आणि तेव्हा सूचना द्यायला लोकांना ६० दिवस मिळतात. मग अख्ख्या शहराचा विचार करून होणारी ती गोष्ट इथे तुकड्यातुकड्याने का होतेय? याचं लेखी उत्तर मागा.

आता हरकतींचं कचेरीत काय होतं ते सांगतो, कारण मागच्या बैठकीत गाडी इथेच अडली असणार. मुदत संपली की एक कारकून सगळे अर्ज घेऊन तक्ता बनवतो. त्यात रकाने असतात: अनुक्रमांक, हरकतदाराचं नाव, सर्व्हे नंबर, हरकतीचा मुद्दा आणि शेवटी कचेरीचा अभिप्राय. ज्या अर्जात सर्व्हे नंबर आणि एक ठोस मुद्दा असतो, त्याला अभिप्राय लिहावाच लागतो. तो लिहिण्यासाठी कुणाला तरी जागेवर जावं लागतं किंवा नकाशा उघडावा लागतो. आणि ज्या अर्जात "आम्ही भूमिपुत्र, एक इंचही देणार नाही" एवढंच असतं, ते पन्नास अर्ज एकाच ओळीत जातात: सर्वसाधारण विरोध, नोंद घेतली. पाचशे सह्यांचं निवेदनही त्या तक्त्यात एकच ओळ व्यापतं. हाच तक्ता फाइलीबरोबर बेंगळुरूला जातो. तिथला अधिकारी तुमचं गाव कधी बघत नाही, तक्ताच बघतो. म्हणून माझं सांगणं एकच आहे: प्रत्येक खातेदाराने आपापल्या सर्व्हे नंबरासाठी वेगळी हरकत द्यावी, आणि तिच्यात त्या तुकड्याची खरी हकीकत लिहावी. विहीर आहे का, पाणंद कुठून येते, शेजारच्याचं पाणी आपल्या बांधातून उतरतं का, पीक कोणतं, ते वर्षातून किती वेळा. हे तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही.

पाण्यावर जरा थांबून लिहितो, कारण दक्षिणेकडच्या शिवाराचा सगळा जीव तिथे आहे. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर हा सखल, काळ्या मातीचा पट्टा. त्यातून बळ्ळारी नाला जातो. नाला तुंबला की पाणी पुढे सरकायच्या ऐवजी शेतात पसरतं आणि नुकती लावलेली रोपं कुजतात. मग दुबार लावणी, नाहीतर तो हंगाम गेलाच. ऑगस्ट २०१९ मध्ये तर शहरातल्या घरांतूनही पाणी शिरलं. तरीही लोक ही जमीन धरून आहेत, कारण तिच्यात बासमती पिकतो आणि भात कापल्यावर त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा येतो. ही ओल धरणारी माती म्हणजे शहराच्या पायथ्याचं न बांधलेलं तळं आहे. तिथे लेआउट पडलं की पहिल्यांदा मुरमाचा भराव येतो, दोन-चार फूट. मग जे पाणी त्या शेतात थांबायचं ते भराव नसलेल्या शेजाऱ्याकडे जातं. म्हणजे ज्याने जमीन विकली नाही, त्याचंच शेत बुडतं. आणि पुढे पावसाळ्यात नाल्याने रस्ता शोधला, की ज्या बिचाऱ्याने कर्ज काढून तिथे घर बांधलं त्याच्या घरातही पाणी शिरतं.

हे सगळं तोंडी सांगू नका, कागदावर मांडा. पावसाळ्यातले फोटो काढा, पण नुसतं पाणी दिसून उपयोग नाही. विजेचा खांब, विहिरीचा कठडा, बांधावरचं झाड अशी जागची हलणार नाही अशी वस्तू फोटोत हवी, म्हणजे पाणी किती चढलं ते कळतं. मागे तारीख आणि सर्व्हे नंबर लिहा. भूमापन खात्याकडून गावनकाशाची नक्कल काढा. जुने ओढे, नाले, पाणंदी त्यात असतात आणि नव्या प्रस्तावाच्या नकाशातून कधी कधी गायब झालेल्या असतात. आणि सगळ्यात वजनदार कागद तर तुमच्या तालुका कचेरीतच आहे. अतिवृष्टीने पीक बुडालं तेव्हा पंचनामा होऊन भरपाई मिळाली असेल ना? त्या यादीत तुमचा सर्व्हे नंबर असेल तर तिची प्रत हरकतीला जोडा. हे शेत बुडतं असं सरकारने स्वतःच लिहून ठेवलंय, आता त्याच शेतावर घरं बांधायला योग्य असा शेरा मारताना अधिकाऱ्याला हात आखडता घ्यावा लागेल.

पिण्याच्या पाण्याचंही तसंच. शहराला राकसकोप आणि हिडकल या धरणांतून पाणी येतं. नव्या वसाहतीला यातलं किती मिळणार, कधी मिळणार, हे पाणीपुरवठा यंत्रणेच्या पत्रासह मागा. तसं पत्र नसेल तर बोअर मारल्या जातील आणि पहिल्यांदा गावाच्या विहिरी आटतील. सांडपाणी कुठे सोडणार हेही विचारा. "नाल्यात" असं उत्तर आलं तर ते इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.

आता अधिकाऱ्यांची बाजू. त्यांचं सगळ्यात मजबूत म्हणणं असं असेल: शहर वाढतंय, तुम्ही पट्टा बदलू दिला नाही तर लोक बॉन्डवर (नुसत्या स्टॅम्प पेपरवर) गुंठे-दोन गुंठे घेऊन घरं बांधणारच, मग रस्ता नाही, गटार नाही. हे म्हणणं खरं आहे, ते उडवून लावू नका. अशा प्लॉटला ई-स्वत्तूचा (ग्रामपंचायतीकडच्या मिळकतीच्या ऑनलाइन नोंदीचा) फॉर्म ९ आणि ११ सहजी मिळत नाही, म्हणून खरेदीची नोंदणी अडते. नोंदणी नाही म्हणून बँक कर्ज देत नाही. बोळ इतका अरुंद राहतो की रुग्णवाहिका आत येत नाही. हे प्लॉट घेणारे परके नसतात. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत आणि मच्छेच्या कारखान्यांत राबणारी आपलीच पोरं असतात, ज्यांना शहरात घर परवडत नाही. त्यामुळे गावाने जाऊन "घरंच नकोत" म्हणणं मला पटत नाही. घरं हवीत, ती कुठे हवीत हा वाद आहे. माळरान, खडकाळ, एकपिकी जमीन गावाच्या कुठल्या बाजूला आहे ते तुम्हीच नकाशावर दाखवा. गावठाणाला लागून वाढ कुठे होऊ शकते ते सांगा. पर्याय पुढे ठेवणाऱ्या गावाचं म्हणणं तक्त्यात वेगळं उठून दिसतं.

दक्षिण भागातल्या लोकांचा राग कुठून येतो ते अधिकाऱ्यांनीही समजून घ्यायला हवं. हलगा-बस्तवाडला सुवर्णसौध (विधिमंडळाची इमारत) झाला, २०१२ साली त्याचं उद्घाटन झालं. हलग्याला सांडपाणी प्रकल्प आला. मग हलगा-मच्छे बायपास, त्यात झिरो पॉइंट, म्हणजे रस्त्याची सुरुवात, कुठला धरायचा यावरून कोर्टात वाद. एकाच पट्ट्याने किती द्यायचं? हा मुद्दा भावनेचा म्हणून झटकू देऊ नका. या पट्ट्यातलं किती पिकाऊ क्षेत्र आधीच गेलं, याचा सर्व्हे नंबरवार हिशोब गावाने काढला तर तोही हरकतीला जोडता येतो.

विकायला तयार असलेल्यांना गद्दार म्हणू नका. ज्याच्याकडे दहा-पंधरा गुंठे उरलेत, मुलं नोकरीला आहेत, लावणीला माणूस मिळत नाही, त्याने विकायचं ठरवलं तर तो त्याचा हक्क आहे. पण त्यालाही माझा एक सल्ला आहे, आणि तो कळकळीचा आहे. २०२० साली भू-सुधारणा कायद्यातली कलमं ७९-ए आणि ७९-बी रद्द झाली. तेव्हापासून शेतकरी नसलेला माणूसही शेतजमीन घेऊ शकतो. साहजिकच झोन बदलाची कुणकुण लागलेले लोक आधी येऊन शेतीच्या दराने संचकार (विसार) करून जातात. पट्टा बदलला की भाव चढतो, आणि चढलेला भाव संचकारवाल्याच्या खिशात जातो. प्रस्तावातल्या सर्व्हे नंबरांचे मागच्या काही वर्षांचे ई.सी. (नोंदलेल्या व्यवहारांचे) उतारे काढा. कुणी, कधी, किती घेतलं ते दिसेल. गावातल्या बऱ्याच भांडणांचं मूळ तिथे सापडतं. निर्णय होईपर्यंत कुणीही संचकारपत्रावर सही करू नये. केलीच तर झोन बदलल्यास दर काय राहील हे त्याच कागदात लिहून घ्यावं. बिल्डरबरोबर भागीदारीत लेआउट करणार असाल तर रेरात (बांधकाम प्रकल्पांच्या नियामकाकडे) नोंदणी झालीय का बघा. ५०० चौरस मीटरवरच्या प्रकल्पाला ती लागतेच.

आणि ५०:५० चं काय? बुडाच्या स्कीममध्ये जमिनीच्या बदल्यात अर्धे विकसित प्लॉट देण्याची ही पद्धत. ऐकायला बरी वाटते आणि काही ठिकाणी रोख भरपाईपेक्षा चांगलीही ठरते. पण प्लॉट कधी हातात येणार हा खरा प्रश्न. कणबर्गीची स्कीम नंबर ६१ कोर्टकचेऱ्यांत किती वर्षं रखडली ते बेळगावात सगळ्यांना माहीत आहे. कलम १९ च्या अधिसूचनेपासून पाच वर्षांत स्कीमचं बरंचसं काम झालं नाही तर ती रद्दबातल ठरते, अशी तरतूद कलम २७ मध्ये आहे. तेवढी ध्यानात ठेवा.

वारसाकडे मात्र आजच बघा. आपल्या भागात कितीतरी उताऱ्यांवर अजून आजोबा-पणजोबांचं नाव आहे. नोटीस मयताच्या नावाने निघते, पोचत नाही, आणि पुढे भरपाई असो की विक्री, सगळं अडकतं. बहिणींचा हिस्सा विसरू नका. कर्नाटकाने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क १९९४ पासूनच दिला, केंद्राचा कायदा २००५ चा. बहिणीला बाजूला ठेवून दिलेली संमती पुढे टिकत नाही, आणि खरं सांगायचं तर टिकूही नये. जमीन सरकारने कुणा दलित-आदिवासी कुटुंबाला मंजूर केलेली असेल तर अशा जमिनीच्या विक्रीवर बंधन घालणारा १९७८ चा पीटीसीएल कायदा लागतो; तिथे वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

भाषेचा प्रश्न विचारलात. जाहिरात कन्नडमध्ये, अर्ज कुठल्या भाषेत द्यावा? मराठीत द्या. राज्यघटनेचं कलम ३५० सांगतं, की गाऱ्हाणं मांडणारं निवेदन केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत कुठल्याही अधिकाऱ्याला देता येतं. आवक टेबलावर "कन्नडमध्ये आणा" म्हणून अर्ज परत करू लागले तर हे कलम सांगा. पण मूळ मराठी अर्जाला कन्नड अनुवाद जोडाच. कारण तक्ता करणारा कारकून कन्नडमध्ये लिहितो, आणि तुमच्या मुद्द्याचा सारांश त्याच्या अंदाजावर सोडणं परवडणार नाही. जाहिरात आणि नकाशाचा मराठी तर्जुमा मिळावा, अशीही लेखी मागणी करा, आणि तो मिळेपर्यंत मुदत वाढवून मागा.

वसाहतीत बाहेरचे लोक येतील, गावाचं मराठीपण राहणार नाही, ही भीतीही बैठकीत निघेल. सीमाभागात ती भीती खोटी नाही, तिला कुणी हसू नये. पण १४-ए च्या फाइलीत तिला रकाना नाही. त्याऐवजी अशा गोष्टी मागा ज्यांनी गाव टिकतं. बुडाच्या स्वतःच्या स्कीममध्ये क्षेत्राच्या किमान १५ टक्के जागा उद्यान आणि मैदानांसाठी, आणि किमान १० टक्के नागरी सुविधांसाठी (सी.ए.) ठेवावी लागते. या सी.ए. जागांपैकी एक मराठी शाळेला, एक वाचनालयाला, एक दवाखान्याला आणि पाण्याच्या टाकीला, असं सर्व्हे नंबरासह आत्ताच मागा. स्मशानाची वाट, देवळाची पालखी जाते ती वाट, जनावरांची पाणंद नकाशात दाखवून घ्या. मंजुरी द्यायचीच असेल तर नाल्याच्या दोन्ही काठांना मोकळा पट्टा, भरावाच्या उंचीला मर्यादा, आणि गटार, रस्ता, पाणी झाल्याशिवाय एकही प्लॉट विकायला मोकळा करायचा नाही, या अटी मंजुरीच्या आदेशातच यायला हव्यात. साहेबांनी बैठकीत तोंडी दिलेला शब्द त्यांच्या बदलीबरोबर जातो.

बैठकीच्या दिवशी मोजकी माणसं ठरवून न्या आणि प्रत्येकाला एकच विषय द्या: पाणी, रस्ता, पीक, वारस. बायकांना पुढे बसवा. लावणी त्या करतात, कुठल्या खाचरात पाणी किती दिवस राहतं ते त्यांनाच नेमकं सांगता येतं. विकू इच्छिणाऱ्यांचा एक माणूसही बोलू द्या. दोन्ही तटांना चालतील अशा अटी आदल्या रात्री देवळात बसून ठरवल्या असतील तर अधिकाऱ्यांना "गावातच एकमत नाही" म्हणता येणार नाही. बैठकीआधी बुडात जाऊन फाइल बघायला मागा. माहिती अधिकारात उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, तेवढा वेळ तुमच्याकडे नाही. पण अर्ज आजच टाकून ठेवा. प्रस्ताव, नकाशा आणि तांत्रिक अभिप्राय यांच्या प्रती पुढे लागतीलच.

प्रत्येक हरकतीच्या प्रतीवर आवक शिक्का आणि नंबर घ्या. एक प्रत बेंगळुरूला नगरविकास खात्याला आणि एक नगर व ग्राम नियोजन संचालनालयाला स्पीड पोस्टाने पाठवा, कारण शेवटची सही तिकडे होते. बैठकीनंतर आठवड्याभरात इतिवृत्ताची प्रत मागा. तुमचं बोलणं त्यात आलं नसेल तर लगेच लेखी कळवा. हरकतींवर अभिप्राय न लिहिता मंजुरी दिली गेली तर धारवाडला उच्च न्यायालयाच्या खंडपीठात रिट अर्ज करता येतो. तिथे वकील पहिल्यांदा विचारील तो शिक्का मारलेली तुमची प्रत, म्हणून मूळ पोच घरात एकाच फाइलीत ठेवा आणि झेरॉक्स पंच कमिटीकडे द्या.